अनुस्पंदी क्ष-किरण प्रकीर्णनातील इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन

अनुस्पंदी अस्थितिस्थापक क्ष-किरण प्रकीर्णन ही घन पदार्थांमधील सूक्ष्म उत्तेजनांचा अभ्यास करण्याची एक वर्णपटीय पद्धत आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'रिक्स' असे म्हणतात. या पद्धतीने मिळणाऱ्या वर्णपटात स्फटिक-जालकाच्या कंपनांमुळे, म्हणजेच फोनॉनांमुळे, उमटलेली शिखरे असतात. या शिखरांच्या उंचीवरून पदार्थातील इलेक्ट्रॉन आणि जालक यांचे एकमेकांशी असलेले युग्मन किती प्रबळ आहे याचे अनुमान करता येते. परंतु शिखराची उंची हे युग्मनाचे थेट माप नव्हे. उंचीपासून युग्मनाच्या आकड्यापर्यंत जाण्यासाठी मध्ये एक सैद्धांतिक प्रतिमान लागते, आणि प्रतिमान बदलले की त्याच वर्णपटातून निघणारा आकडाही बदलतो. प्रस्तुत लेखात या प्रतिमानांचा विचार केला आहे. (शालेय पाठ्यपुस्तकांत 'प्रकीर्णन' या अर्थी 'विकिरण' हा शब्द आढळतो.)

पार्श्वभूमी

स्फटिकातील अणू आपापल्या जागी स्थिर नसतात, ते सतत कंप पावत असतात. पुंजयामिकीनुसार या कंपनांची ऊर्जा ठरावीक पुंजांच्या स्वरूपात असते व अशा एका पुंजास फोनॉन म्हणतात. अणू हलले की त्यांच्या भोवतालच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलते. उलटपक्षी इलेक्ट्रॉनाची जागा बदलली की अणूंचे समतोल स्थानही सरकते. या परस्परप्रभावाला इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन ही संज्ञा आहे. सामान्य तापमानाला धातूंचा विद्युत् रोध मुख्यतः याच युग्मनामुळे निर्माण होतो. १९५० मध्ये पाऱ्याच्या निरनिराळ्या समस्थानिकांवर केलेल्या प्रयोगांत, समस्थानिक जड असेल तर अतिसंवाहकतेचे संक्रमण-तापमान कमी होते असे दिसले. जालकाचा अतिसंवाहकतेशी संबंध असल्याचा तो सबळ पुरावा होता. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी मांडलेल्या सिद्धांतात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवून आणण्याचे काम फोनॉनच करतात.

१९८६ मध्ये बेडनोर्ट्झ व म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांमधील, म्हणजे क्युप्रेटांमधील, उच्च तापमानाची अतिसंवाहकता शोधून काढली, आणि हा प्रश्न पुन्हा खुला झाला. क्युप्रेटांमध्ये इलेक्ट्रॉनांमधील परस्पर प्रतिकर्षण व चुंबकीय आंतरक्रिया अत्यंत प्रबळ असतात. तेथे फोनॉनांचा वाटा किती, यावर आजही मतभेद आहेत. हा वाद केवळ तर्काने मिटण्यासारखा नाही. कोणता फोनॉन, कोणत्या संवेगाला, इलेक्ट्रॉनांशी किती बळाने जोडला गेला आहे हे मोजून पाहावे लागते.

मोजण्याच्या जुन्या पद्धतींना मर्यादा आहेत. न्यूट्रॉन प्रकीर्णनातून फोनॉनाची ऊर्जा व तिची रुंदी उत्तम प्रकारे कळते, पण रुंदी वाढण्याची इतरही कारणे असू शकतात. दृश्य प्रकाशावर आधारित रामन वर्णपटात जवळजवळ शून्य संवेगाचेच फोनॉन दिसतात. प्रकाश-उत्सर्जनाच्या कोनविभेदित मापनात इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जा-संवेग वक्राला पडलेला बाक दिसतो. मात्र तो अनेक कंपनप्रकारांचा, आणि कदाचित चुंबकीय उत्तेजनांचाही, एकत्रित परिणाम असतो. सुमारे २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांचे अनुस्पंदनाविना केलेले प्रकीर्णन फोनॉन स्पष्ट दाखवते. तेथे मात्र क्ष-किरण अणूंतील सर्व इलेक्ट्रॉनांवरून प्रकीर्ण होतात, त्यामुळे युग्मन असो वा नसो, फोनॉन दिसतातच. रिक्समध्ये याच्या उलट घडते: इलेक्ट्रॉनाशी न जोडलेला फोनॉन सहसा दिसतच नाही. ही पद्धत महत्त्वाची ठरण्याचे कारण तेच.

फोनॉन कसा निर्माण होतो

रिक्समध्ये आपाती क्ष-किरणाची ऊर्जा एखाद्या मूलद्रव्याच्या शोषण-सीमेशी जुळवून घेतात. उदाहरणार्थ, तांब्याची एल-३ सीमा सुमारे ९३१ इलेक्ट्रॉनव्होल्टवर व ऑक्सिजनाची के सीमा सुमारे ५३० इलेक्ट्रॉनव्होल्टवर असते. फोटॉन शोषला गेला की अणूच्या आतल्या कवचातील एक इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या अवस्थेत जातो व आतल्या कवचात एक पोकळी उरते. तिला येथे गाभा-पोकळी म्हटले आहे. ही मधली अवस्था फार अल्पकाळ टिकते. वरच्या कवचातील एखादा इलेक्ट्रॉन पोकळी भरून काढतो आणि नवा फोटॉन बाहेर पडतो. आत गेलेल्या व बाहेर आलेल्या फोटॉनांच्या ऊर्जेतील आणि संवेगातील फरक पदार्थात मागे राहिलेला असतो. तो मॅग्नॉनाच्या, कक्षकीय उत्तेजनाच्या किंवा फोनॉनाच्या रूपाने राहू शकतो.

या क्रियेचे मूळ सूत्र हेन्ड्रिक क्रामर्स व वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये दिले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला परिणाम याच जातीचा. फरक इतकाच की तेथे दृश्य प्रकाश होता आणि येथे अनुस्पंदनाला आणलेला क्ष-किरण आहे.

क्युप्रेटामध्ये तांब्याच्या आयनाच्या ३डी कवचात नऊ इलेक्ट्रॉन असतात. एल-३ सीमेवर शोषण झाले की तेथे दहावा इलेक्ट्रॉन येतो व कवच पूर्ण भरते. भोवतालच्या ऑक्सिजन आयनांना ही बदललेली परिस्थिती जाणवते आणि त्यांचे समतोल स्थान सरकते. आयन नव्या स्थानाकडे निघतात न निघतात तोच गाभा-पोकळी भरली जाते व जुनी परिस्थिती पुन्हा येते. या धक्क्याने आयन थरथरत राहतात. ती थरथर म्हणजेच वर्णपटात दिसणारा फोनॉन होय.

शाळेच्या प्रयोगशाळेतील तानकाट्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. टांगलेल्या तानकाट्याच्या आकड्याला क्षणभर वजन अडकवून लगेच काढून घेतले, तर काटा काही वेळ खालीवर होत राहतो. ही हालचाल किती मोठी असेल हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे: वजन किती होते आणि ते किती वेळ अडकवले होते. केवळ हालचाल पाहून वजन सांगायचे असेल, तर वेळ माहीत असावी लागते. रिक्समध्ये वजनाच्या जागी युग्मन आहे आणि वेळेच्या जागी गाभा-पोकळीचे आयुर्मान.

काळाचे गणित

गाभा-पोकळीच्या आयुर्मानामुळे शोषण-रेषेला एक अंगभूत रुंदी येते. तिच्या निम्म्या मापाला 'गॅमा' म्हणतात. तांब्याच्या एल-३ सीमेसाठी गॅमा सुमारे ०.२८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि ऑक्सिजनाच्या के सीमेसाठी सुमारे ०.१५ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरतात. २π ने भागलेल्या प्लांक स्थिरांकाचे मूल्य ०.६५८ इलेक्ट्रॉनव्होल्ट-फेम्टोसेकंद आहे. त्याला गॅमाने भागले असता तांब्यासाठी सुमारे २.४ व ऑक्सिजनासाठी सुमारे ४.४ फेम्टोसेकंद इतका काळ मिळतो. क्युप्रेटांमधील तांबे-ऑक्सिजन बंध ताणणाऱ्या फोनॉनाची ऊर्जा ७० ते ८५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान असते. ७५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट धरल्यास एका आंदोलनाला सुमारे ५५ फेम्टोसेकंद लागतात.

म्हणजे तांब्याच्या सीमेवर जालकाला आपल्या एका आंदोलनाच्या जेमतेम तेविसाव्या भागाइतका, तर ऑक्सिजनाच्या सीमेवर सुमारे बाराव्या भागाइतका वेळ मिळतो. एकाच पदार्थातील तोच फोनॉन तांब्याच्या सीमेवर क्षीण आणि ऑक्सिजनाच्या सीमेवर ठळक दिसण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. वेगवेगळ्या सीमांवरील वर्णपट शेजारी ठेवून 'येथे युग्मन जास्त, तेथे कमी' असा निष्कर्ष काढणे त्यामुळे चुकीचे ठरते.

एकस्थानी प्रतिमान

युग्मन मोजण्यासाठी सर्वाधिक वापरले गेलेले प्रतिमान लुक आमेन्ट, मिशेल व्हान वीनेन्डाल आणि येरून व्हान डेन ब्रिंक यांनी २०११ मध्ये मांडले. त्यात सारा स्फटिक बाजूला ठेवून एकाच स्थानाचा विचार केला जातो. त्या स्थानी इलेक्ट्रॉनाची एक पातळी असते आणि तिला जोडलेला, ठरावीक ऊर्जेचा एकच हरात्मक दोलक असतो. दोलकाच्या ऊर्जेला ओमेगा व युग्मनाच्या ऊर्जेला एम म्हणू. मधल्या अवस्थेत इलेक्ट्रॉन त्या पातळीवर असेपर्यंत दोलकाचे समतोल स्थान सरकलेले असते. बाकी दोलक तोच राहतो. अशा सरकलेल्या दोलकाचे गणित लँग व फिर्सोव्ह यांच्या रूपांतरणाने नेमकेपणी सोडवता येते. युग्मनाचे परिमाणरहित माप असे लिहितात:

जी = (एम ÷ ओमेगा)²

जुन्या दोलकाची प्रत्येक अवस्था आणि सरकलेल्या दोलकाची प्रत्येक अवस्था यांच्या तरंग-फलनांचे एकमेकांवर किती आच्छादन होते, हे दाखवणारे गुणक रेणूंच्या वर्णपटशास्त्रात फ्रँक-काँडन गुणक म्हणून ज्ञात आहेत. क्रामर्स-हायझेनबर्ग सूत्रात ते घातले की शून्य, एक, दोन, तीन अशा फोनॉनांच्या शिखरांची एक मालिका मिळते. मधल्या अवस्थेतील निरनिराळ्या वाटांची बेरीज येथे तीव्रतांची नसून परमप्रसरांची असते. त्यामुळे वाटांमध्ये व्यतिकरण होते, आणि ही मालिका साध्या शोषण-वर्णपटातील मालिकेसारखी दिसत नाही.

गॅमा हा ओमेगा व एम या दोहोंपेक्षा बराच मोठा असेल, तर सूत्रे फार सोपी होतात. अनुस्पंदनाच्या शिखरावर स्थूलमानाने पुढील संबंध मिळतात:

पहिल्या फोनॉन-शिखराची तीव्रता ÷ शून्य-फोनॉन शिखराची तीव्रता ≈ (एम ÷ गॅमा)²

दुसऱ्या शिखराची तीव्रता ÷ पहिल्याची तीव्रता ≈ २ × (एम ÷ गॅमा)²

या सूत्रांत ओमेगा कोठेच नाही. जालकाला आंदोलन करण्याइतका वेळच मिळत नसल्यामुळे त्याच्या स्वतःच्या गतीचा प्रश्न उद्भवत नाही. महत्त्व उरते ते केवळ मिळालेल्या धक्क्याला. म्हणून अशा प्रयोगातून मुळात मिळतो तो एम. जी मिळवण्यासाठी त्याला वर्णपटावरून वाचलेल्या ओमेगाने भागावे लागते. विद्यार्थ्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी: काही निबंधांत एम व ओमेगा यांच्या गुणोत्तराच्या वर्गालाच जी म्हटलेले असते, तर काहींत वर्ग न करता नुसत्या गुणोत्तराला. गॅमाचेही तसेच आहे, कोणी पूर्ण रुंदी घेतात तर कोणी निम्मी. दोन निबंधांतील आकडे ताडून पाहण्यापूर्वी ही व्याख्या तपासली नाही, तर चौपट चूक सहज होते.

उदाहरणादाखल एम ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊ. तांब्याच्या सीमेवर पहिले शिखर शून्य-फोनॉन शिखराच्या सुमारे ३ टक्के, आणि दुसरे शिखर पहिल्याच्या सुमारे ६ टक्के येते. एम तोच ठेवून ऑक्सिजनाच्या सीमेवर हेच आकडे सुमारे ११ व २२ टक्के होतात. तांब्याच्या सीमेवरील दुसरे शिखर पार्श्वभूमीतून वेगळे ओळखणे जवळजवळ अशक्य असते. पुढील भागात दिलेल्या दोन रीती या अडचणीतूनच आल्या.

मापनाच्या रीती

शून्य-फोनॉन शिखर हे मोजपट्टी म्हणून वापरता आले असते तर काम सोपे झाले असते. प्रत्यक्षात नमुन्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा, अशुद्धी, विद्युत्भार घनता तरंग अशा अनेक कारणांनी स्थितिस्थापक प्रकीर्णन वाढते व हे शिखर विश्वासार्ह राहत नाही. म्हणून पहिली रीत फोनॉन-शिखरांची आपसांत तुलना करते. दुसऱ्या व पहिल्या शिखराच्या गुणोत्तरावरून एम काढला जातो. ऑक्सिजनाच्या के सीमेवर ही रीत चांगली चालते.

दुसऱ्या रीतीत आपाती ऊर्जा अनुस्पंदनाच्या खाली हळूहळू सरकवत नेतात. याला डीट्यूनिंग म्हणतात. अनुस्पंदनापासून दूर गेले की मधल्या अवस्थेचा प्रभावी काळ आणखी घटतो, जणू तानकाट्याला वजन आधीहून कमी वेळ अडकवले. फोनॉनाची तीव्रता त्यामुळे कक्षकीय उत्तेजनांच्या तीव्रतेपेक्षा जास्त वेगाने घसरते आणि ही घसरण प्रतिमानाशी जुळवून युग्मन काढतात. रोस्सी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निओडिमियम-बेरियम क्युप्रेटावरील कामात तांब्याच्या एल-३ सीमेवर ही रीत वापरून निरनिराळ्या संवेगांसाठी युग्मन मोजले गेले. दुसऱ्या शिखराची गरज न पडणे हा या रीतीचा मोठा फायदा. तिची एक मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. युग्मन फारच दुर्बल असेल तर घसरणीच्या वक्राचा आकार मुख्यतः गॅमा व ओमेगा यांवर ठरतो, त्यावर एमचा प्रभाव जवळजवळ राहत नाही. अशा वेळी वक्र सुंदर जुळला तरी त्यातून निघालेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

हे सर्व शक्य झाले ते उपकरणांच्या प्रगतीमुळे. तांब्याच्या सीमेवर १०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक असलेली विभेदनक्षमतेची मर्यादा सुमारे ४० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली आली, तेव्हाच ७०-८० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोनॉन स्थितिस्थापक रेषेपासून सुटे दिसू लागले. स्वित्झर्लंडमधील फिलिगेन, फ्रान्समधील ग्रनोबल, इंग्लंडमधील डायमंड व अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील सिंक्रोट्रॉनांवर अशी वर्णपटमापके आहेत.

संवेगाच्या बाबतीतही दोन सीमांमध्ये भेद आहे. तांब्याच्या सीमेवरील फोटॉनाची तरंगलांबी सुमारे १३ आंग्स्ट्रॉम, तर ऑक्सिजनाच्या सीमेवरील सुमारे २३ आंग्स्ट्रॉम असते. तांब्याच्या सीमेवर क्युप्रेटाच्या ब्रिल्वाँ क्षेत्राच्या कडेजवळपर्यंत पोचता येते. ऑक्सिजनाच्या सीमेवर मात्र बराचसा बाहेरचा भाग हाती लागत नाही. जेथे शिखरे ठळक तेथे संवेग अपुरा आणि जेथे संवेग पुरेसा तेथे शिखरे क्षीण, अशी ही कुचंबणा आहे.

एकस्थानी प्रतिमानातून काय सुटते

एकस्थानी प्रतिमानाचा मोह समजण्यासारखा आहे: काही ओळींचे सूत्र, दोनतीन परिमाणे, आणि मोजलेल्या वर्णपटावर ते सहसा बसतेही. मात्र वर्णपटावर बसणे हे प्रतिमान योग्य असल्याचा पुरावा नव्हे. ज्या गोष्टी त्यात मुळातच नाहीत, त्यांचा परिणाम जुळवणी करताना निमूटपणे एमच्या आकड्यात मिसळून जातो.

त्यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे इलेक्ट्रॉनाची चलता. प्रतिमानात इलेक्ट्रॉन एका स्थानी जखडलेला आहे. खऱ्या पदार्थात तो शेजारच्या अणूवर जाऊ शकतो. क्युप्रेटांमध्ये शेजारी उडी घेण्याची ऊर्जा सुमारे ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट मानली जाते. तिच्याशी निगडित काळ सुमारे १.६ फेम्टोसेकंद येतो, म्हणजे गाभा-पोकळीच्या २.४ फेम्टोसेकंदांहून कमी. पोकळी भरली जाण्यापूर्वीच इलेक्ट्रॉन निघून जाऊ शकतो. तानकाट्याच्या भाषेत, वजन ठरलेल्या वेळेआधीच आकड्यावरून निसटते, पण आपण मात्र ते पूर्ण वेळ होते असे समजून हिशेब करतो. अशा हिशेबात वजन प्रत्यक्षाहून कमी निघणार. शिवाय निघून गेलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या स्थानीही जालकाला धक्का देतो. निरनिराळ्या स्थानी निर्माण झालेल्या कंपनांचे परमप्रसर एकमेकांत मिसळतात व त्यातून शिखराच्या उंचीचे संवेगावरील अवलंबित्व बदलते.

याला विरोध करणारी दुसरी गोष्ट गाभा-पोकळीचे आकर्षण ही आहे. धन भार असलेली पोकळी वर गेलेल्या इलेक्ट्रॉनाला स्वतःजवळ ओढून धरते. हे आकर्षण अनेक इलेक्ट्रॉनव्होल्टचे असू शकते. ते पुरेसे प्रबळ असल्यास इलेक्ट्रॉन जवळजवळ जागीच राहतो आणि एकस्थानी प्रतिमान पुन्हा ग्राह्य वाटू लागते. म्हणजे हे प्रतिमान सरसकट चूक किंवा सरसकट बरोबर नाही. उडी घेण्याची ऊर्जा, आकर्षण आणि गॅमा या तिघांच्या चढाओढीवर त्याची ग्राह्यता ठरते, व ही चढाओढ दर पदार्थात निराळी असते. क्रिस्टॉफ बिएनियाश, स्टीव्ह जॉन्स्टन आणि मोना बेर्चू यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एकस्थानी मर्यादा ओलांडून इलेक्ट्रॉनाची चलता या गणितात आणली आणि सोप्या प्रतिमानावरून काढलेल्या निष्कर्षांची तपासणी केली.

हे गणित आधीच का झाले नाही, याचे उत्तर संगणनात आहे. इलेक्ट्रॉनांची संख्या ठरलेली असते, पण एका स्थानी कितीही फोनॉन असू शकतात. शून्य ते नऊ अशा दहाच अवस्था धरल्या तरी आठ स्थानांच्या लहानशा साखळीत केवळ जालकाच्या १० कोटी अवस्था होतात. त्यांना इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांनी गुणावे लागते ते वेगळेच. आव्यूहाचे अचूक कर्णीकरण करून उत्तर काढण्याची रीत म्हणूनच मोजक्या स्थानांच्या पुंजक्यांपुरती मर्यादित राहते, आणि इतक्या लहान पुंजक्यात संवेगाची मोजकीच मूल्ये मिळतात. मोठ्या स्फटिकासाठी परिवर्तनी पद्धती वापराव्या लागतात. त्यांत इलेक्ट्रॉनाभोवती जमणाऱ्या फोनॉनांच्या ढगाचा आकार मर्यादित धरून बाकीच्या अवस्था सोडून दिल्या जातात.

तिसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. मधल्या अवस्थेत जालकाला एकटा इलेक्ट्रॉन जाणवत नाही, इलेक्ट्रॉन आणि गाभा-पोकळी अशी जोडी जाणवते. आंद्रेय गेओन्झियान व कीथ गिलमोर यांनी २०१८ पासूनच्या आपल्या निबंधांत हा मुद्दा लावून धरला. त्यांच्या मते रिक्समध्ये मोजले जाते ते इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन नसून एक्सायटॉन-फोनॉन युग्मन होय. एक्सायटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन व पोकळी यांची बद्ध जोडी. तिच्यातील ऋण व धन भारांचे जालकावरील परिणाम काही अंशी एकमेकांना खोडून काढतात, तर काही कंपनप्रकारांच्या बाबतीत त्यांची बेरीजही होऊ शकते. मोजलेला आकडा अशा वेळी मूळ इलेक्ट्रॉनाच्या युग्मनाहून लहान असेल की मोठा, हे आधीच सांगता येत नाही; प्रत्येक पदार्थासाठी स्वतंत्र गणना करावी लागते.

चौथी अडचण व्यावहारिक आहे. खऱ्या स्फटिकात एकच कंपनप्रकार नसतो. क्युप्रेटात बंध ताणणाऱ्या फोनॉनाखेरीज ३५-४० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऑक्सिजनाचे आयन पातळीबाहेर वाकवणारे फोनॉन असतात. या दुसऱ्या प्रकारातील दोन फोनॉनांची एकत्रित ऊर्जा पहिल्या प्रकारातील एका फोनॉनाच्या ऊर्जेजवळ येते, हा योगायोग फार त्रासदायक आहे. त्यात मॅग्नॉनाचे शेपूट आणि स्थितिस्थापक रेषेचा उतार मिसळला की पुरेशी शिखरे कल्पून कोणताही वर्णपट जुळवता येतो. प्रकाशाची ध्रुवणदिशा बदलून मॅग्नॉनाचा वाटा कमी करता येतो व संवेग बदलून फोनॉन ओळखता येतात, म्हणून एकट्या वर्णपटापेक्षा वर्णपटांची मालिकाच ग्राह्य धरणे इष्ट.

धातूंसाठी एकस्थानी चित्र सोडून अगदी निराळ्या बाजूनेही विचार झाला आहे. टॉम डेव्हरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फिरत्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यांपासून आरंभ करून दाखवले की फोनॉन-शिखराची तीव्रता संवेगानुसार बदलते आणि तो बदल युग्मनाच्या संवेग-अवलंबित्वाचे प्रतिबिंब असतो. बंध ताणणाऱ्या फोनॉनाचे युग्मन क्षेत्राच्या केंद्रापाशी क्षीण असून कडेकडे जाताना वाढावे, तर वाकवणाऱ्या फोनॉनाचे केंद्रापाशी मोठे असून बाहेर घटावे अशी अपेक्षा आहे. क्युप्रेटांवरील प्रयोगांत बंध ताणणाऱ्या फोनॉनाची तीव्रता कडेकडे खरोखरच वाढताना दिसते. निरपेक्ष आकड्याविषयी शंका असली, तरी अशा सापेक्ष बदलावर अधिक भरवसा ठेवता येतो, कारण गॅमासारखे घटक सर्व संवेगांना सारखेच असतात.

काही पदार्थ

फोनॉनांची मालिका सर्वांत स्वच्छ दिसते ती रेणूंमध्ये. ऑक्सिजन वायूच्या के सीमेवरील वर्णपटात सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अंतराने कंपनांच्या पायऱ्या एकामागून एक मोजता येतात. तेथे शेजारी स्थानच नसल्यामुळे इलेक्ट्रॉन निघून जाण्याचा प्रश्न येत नाही.

घन पदार्थांत एकमितीय क्युप्रेट-साखळ्या या चित्राच्या जवळ येतात. ली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कॅल्शियम-इट्रियम क्युप्रेटाच्या अशा साखळ्यांत ऑक्सिजनाच्या के सीमेवर सुमारे ७० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोनॉनाचे अनेक अधिस्वर दाखवले. जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील लिथियम क्युप्रेटावरील कामाचा निष्कर्ष याहून पुढे जातो. तांबे व ऑक्सिजन यांच्यात विद्युत्भार हलवण्यास लागणारी ऊर्जा, जी एरवी केवळ इलेक्ट्रॉनांचा विषय समजली जाते, ती जालकाशी असलेल्या युग्मनामुळे मोठ्या प्रमाणात बदलते असे त्यांनी दाखवले. स्ट्राँशियम टायटॅनेटात सुमारे १०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोनॉन व त्याचे अधिस्वर दिसतात. तेथे इलेक्ट्रॉन स्वतःभोवती जालकाची विकृती घेऊन फिरतो व त्या जोडगोळीस पोलॅरॉन म्हणतात. ॲनाटेज जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडातही असेच मापन झाले आहे. ग्रॅफाइटावरील कार्बनच्या के सीमेवरच्या मापनांत क्षेत्राच्या केंद्रातील व कडेच्या फोनॉनांची युग्मने एकमेकांहून बरीच भिन्न आढळली, आणि त्यांचा अर्थ लावताना एक्सायटॉनाचे चित्र उपयोगी पडले.

जी आणि लॅम्डा

अतिसंवाहकतेच्या सिद्धांतात युग्मनासाठी 'लॅम्डा' ही परिमाणरहित राशी वापरतात. रिक्समधून मिळालेल्या जीची तुलना थेट लॅम्डाशी केलेली अनेकदा आढळते. या दोन राशी एक नाहीत. लॅम्डा ही फर्मी पृष्ठभागावरील सर्व इलेक्ट्रॉनांवर व सर्व कंपनप्रकारांवर घेतलेली सरासरी असते आणि ती इलेक्ट्रॉन-अवस्थांच्या घनतेवर अवलंबून असते. जी हा एका स्थानी, एका कंपनप्रकारासाठी, गाभा-पोकळी उपस्थित असताना काढलेला आकडा आहे. जी एकाहून मोठा असतानाही लॅम्डा लहान असू शकतो, कारण जीच्या छेदात फोनॉनाची ऊर्जा वर्ग होऊन येते, तर लॅम्डामध्ये तिच्याबरोबर इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्याची रुंदीही येते. एकातून दुसरा काढायचा असेल तर निरनिराळ्या संवेगांना मोजलेला एम, पट्ट्यांची रचना आणि गाभा-पोकळीचा परिणाम वजा करण्याची एखादी रीत, या तिन्ही गोष्टी हाताशी असाव्या लागतात. प्रतिलोहचुंबकीय विसंवाहक क्युप्रेटात तर फर्मी पृष्ठभागच नसतो. अशा नमुन्यावर मोजलेला आकडा डोपिंग केलेल्या अतिसंवाहक नमुन्याला लागू करताना, भटक्या इलेक्ट्रॉनांमुळे होणारे भारांचे आच्छादन युग्मन किती घटवते, याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.